गंभीर कोविडमधली मूत्रपिंडं कुणाच्या वाट्याची? अतिदक्षता विभाग चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
अतिदक्षता विभागांचे प्रमुख, रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि कोविडच्या उपचार-नियमावल्या ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी कोविडमधून उठलेल्या रुग्णांच्या पाठपुराव्याची व्यवस्था गुंडाळली गेली आणि नियमावल्या आटोपशीर करताना मूत्रपिंडाबद्दलचा मजकूर एका ओळीवर आला: 'गरजेनुसार मूत्रपिंडविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.' ही गरज कुणी ओळखायची, कशावरून आणि कितव्या तासाला, हे त्या ओळीत नाही. गंभीर कोविडचे रुग्ण आजही अतिदक्षता विभागात येतात, विशेषतः वयस्कर, प्रत्यारोपण झालेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले. त्यांची गरज उशिरा ओळखली गेली की ते आमच्याकडे, म्हणजे मूत्रपिंडविकार विभागात, येतात, आणि तोवर यंत्र लावण्यापलीकडे आमच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. आमचा या विषयाशी संबंध एवढाच आणि एवढा थेट आहे. पत्र उघड लिहितो आहोत, कारण यातल्या निम्म्या गोष्टी नातेवाइकांनीही विचारायला हव्यात.

प्रश्न किती मोठा होता ते आधी पाहू. २०२० च्या पहिल्या लाटेत न्यूयॉर्क परिसरातल्या एका रुग्णालय-समूहाने दाखल झालेल्या ५,४४९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ३६.६ टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झालेली होती. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत हेच प्रमाण जवळपास ९० टक्के, तर व्हेंटिलेटर न लागलेल्यांत २२ टक्क्यांच्या आसपास. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत निम्म्याहून अधिक जणांची इजा श्वासनलिकेत नळी घातल्याच्या आगेमागे २४ तासांत सुरू झाली होती. त्याच शहरातल्या दुसऱ्या समूहाच्या ३,९९३ रुग्णांत इजेचं प्रमाण ४६ टक्के होतं. इजा झालेल्यांपैकी निम्मे रुग्णालयातच दगावले आणि जे घरी गेले त्यांतल्या ३५ टक्क्यांची मूत्रपिंडं जाताना पूर्ववत झालेली नव्हती. पुढे लस आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आल्यावर हे आकडे खाली आले, हे मान्य. पण इजा होण्याची रीत बदललेली नाही, आणि ती समजून न घेतल्यामुळेच पुढच्या बहुतेक चुका होतात.

ही इजा मुळात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची आहे. निरोगी अस्तरावर साखर आणि प्रथिनांचा एक मऊ थर असतो. तो रक्तपेशींना भिंतीला चिकटू देत नाही आणि द्रव बाहेर झिरपू देत नाही. गंभीर कोविडमध्ये हा थर झडतो. उघड्या पडलेल्या पेशी व्हॉन विलेब्रँड घटक रक्तात सोडतात आणि त्यावर प्लेटलेट चिकटतात. गुठळी विरघळवणारी यंत्रणा दबते, वाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. विषाणू ज्या एसीई-२ रेणूला धरून पेशीत शिरतो, त्याचं नेहमीचं काम अँजिओटेन्सिन-२ मोडण्याचं. तो रेणू पेशीवरून कमी झाला की वाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन मोकाट राहतं. २०२० मध्ये झुरिकच्या संशोधकांनी या अस्तराचा दाह अनेक अवयवांत दाखवला. त्यांना प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या अस्तरात दिसलेले कण विषाणूचेच होते का, यावर नंतर वाद झाला. अस्तर दुखावतं यावर मात्र वाद नाही.

मूत्रपिंडाला हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मिळतो, तरी त्याचा आतला गाभा कायम प्राणवायूच्या काठावर काम करतो. रक्त गाळणाऱ्या गाळणीतून पुढे गेलेलं रक्तच लघवी घडवणाऱ्या नलिकांभोवतीच्या केशवाहिन्यांत जातं, दुसरी वाट नाही. त्या केशवाहिन्या तुंबल्या की सगळ्यात आधी नलिकांच्या पेशी मरतात. चीनमधल्या २६ मृतांच्या शवविच्छेदनात हेच दिसलं. नलिका उघड्याबोडक्या झालेल्या, आणि केशवाहिन्यांत तांबड्या पेशींचे गठ्ठे अडकलेले. त्या गठ्ठ्यांत प्लेटलेट किंवा फायब्रिन नव्हतं. म्हणजे ती नेहमीच्या अर्थाची गुठळीच नव्हती. रक्त भरपूर पातळ केलं की किडनी सुटेल, या भरवशाला म्हणूनच फारसा आधार नाही. २०२१ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले तेही याच बाजूचे: वॉर्डातल्या मध्यम आजारी रुग्णांना पूर्ण डोसच्या हेपॅरिनचा फायदा झाला, अतिदक्षतेतल्या गंभीर रुग्णांना झाला नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी लघवीच्या मोजमापाबद्दल. सर्वमान्य निकष २०१२ पासून छापील आहे: सहा तास लघवी किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर ती तीव्र इजा. ७० किलोच्या माणसाला हे तासाला ३५ मिलि होतात. साध्या दोन लिटरच्या युरोबॅगवर खुणा शंभर-शंभर मिलिच्या असतात. त्यावर ३५ मिलि वाचता येत नाहीत. ते वाचायला वर लहान मोजकप्पा असलेली पिशवी लागते, आणि नेमकी तीच खरेदीच्या यादीतून कापली जाते. मग तक्त्यावर चोवीस तासांचा एकच आकडा येतो, समजा ८०० मिलि. दिसायला बरा आहे. पण सकाळी फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध दिल्यावर पहिल्या आठ तासांत ६०० मिलि झाले असतील, तर उरलेल्या सोळा तासांत फक्त २०० झाले, म्हणजे तासाला साडेबारा. हा रुग्ण त्या सोळा तासांत इजेच्या तीनपैकी दुसऱ्या पायरीवर पोहोचलेला आहे आणि ती वेळ तिसरीपर्यंत लांबण्याच्या वाटेवर आहे. राउंडला मात्र 'युरिन आउटपुट ठीक' अशी नोंद होते. सरासरीने माणूस बुडतो तो असा. उलटही घडतं. रुग्णाला पालथं झोपवल्यावर कॅथेटरची नळी मांडीखाली दाबली जाते आणि लघवी अचानक शून्यावर येते. म्हणून फ्युरोसेमाइडची सुई उचलण्याआधी नळी सरळ करणं, कॅथेटर फ्लश करून पाहणं आणि मूत्राशयावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवणं हा क्रम लिहून भिंतीवर लावायला हवा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी तक्रार क्रिएटिनिनची, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणाऱ्या आणि मूत्रपिंडांनी बाहेर टाकायच्या पदार्थाच्या मोजमापाची. ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमची वाढ किंवा सात दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट, हा निकष तुम्हाला ठाऊक आहे. पण मूळ पातळीच लिहिलेली नसते. ०.७ वरून १.१ वर गेलेला रुग्ण निकषात बसतो, तरी प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर १.१ पुढे तारा छापून येत नाही, कारण तो आकडा 'नॉर्मल'च्या चौकटीत आहे. शिवाय क्रिएटिनिन उशिरा बोलतं. इजा झाल्यावर ते लक्षात येण्याइतकं चढायला एक ते दोन दिवस जातात, आणि अंगात पाणी साठलेलं असेल तर ते पातळ होऊन आणखी कमी दिसतं. तीन आठवडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे स्नायू झडतात, त्यामुळे क्रिएटिनिन कमी तयार होतं. घरी जाताना आलेला ०.८ हा आकडा अशा माणसात बरेपणाचा पुरावा नाही. तिथे सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी जोडीला हवी. फक्त स्टेरॉइड चालू असताना तिचा आकडाही फसवा चढतो, म्हणून ती स्टेरॉइड थांबल्यावर करावी.

साधी लघवीची तपासणी तर जवळपास विस्मरणातच गेली आहे. दाखल होताच, शक्यतो कॅथेटर घालण्याआधी, पट्टी बुडवून प्रथिनं आणि रक्त पाहायला दोन मिनिटं लागतात. पट्टीवर रक्त दिसतं पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नाहीत, असं असेल तर स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन येत असल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी सीपीके ही स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी पाठवावी. सेंट्रिफ्यूज केलेल्या ताज्या लघवीत मातकट तपकिरी कण-साचे (मेलेल्या पेशींचे नलिकेच्या आकाराचे गठ्ठे) दिसले, तर नलिका मरत आहेत हे कळतं. नमुना चार तास ट्रेमध्ये पडून राहिला तर ते साचे विरघळतात आणि रिपोर्ट 'विशेष काही नाही' असा येतो. प्रथिनं खूप जास्त असतील तर प्रश्न नलिकांचा नसून गाळणीचा असू शकतो. एपीओएल-१ जनुकाचे धोकादायक प्रकार असलेल्या लोकांत, म्हणजे मुख्यतः पश्चिम आफ्रिकी वंशाच्या, कोविडनंतर गाळणी कोसळण्याचा विकार दिसला आहे. तिथे बायोप्सीचा विचार करावा लागतो.

पाण्याबद्दल आमचं भांडण जुनं आहे. फुप्फुसं कोरडी ठेवायची हे सूत्र चूक नाही, पण ते कुणाला आणि केव्हा लावायचं याला मर्यादा आहे. चार-पाच दिवस तापलेला, मिनिटाला तीस-पस्तीस श्वास घेणारा, जुलाब झालेला रुग्ण आधीच आटलेला असतो. त्याला आल्याआल्या फ्युरोसेमाइड दिलं, मग झोपेची औषधं देऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसांत ठेवतो तो दाब) वाढवलं, की छातीतला दाब चढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि मूत्रपिंडाच्या शिरेत दाब साठतो. एकीकडून आत येणारं रक्त घटतं आणि दुसरीकडून बाहेर जाणारं अडतं. नळी घातल्याच्या आगेमागे इजा का सुरू होते, याचं बरंचसं उत्तर यात आहे. उपाय फार गहन नाही. नळी घालण्याआधी पाय उचलून रक्तप्रवाह वाढतो का ते पाहा, वाढत असेल तर सलाइनऐवजी संतुलित द्रावणाचे २५० मिलि देऊन पुन्हा पाहा. सरासरी रक्तदाब ६५ च्या खाली जाऊ देऊ नका. जुना उच्च रक्तदाब असेल तर थोडा वर ठेवा. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच रुग्णाच्या अंगात पाच लिटर जास्तीचे साठलेले असतील, तर तेव्हा ते काढायला कचरू नका. त्या वेळी फ्युरोसेमाइड योग्यच आहे.

मूत्रपिंडांना घातक औषधांची यादी तुम्हाला पाठ असेल, तरी तक्त्यांवर ती एकत्र सापडते: तापासाठी डायक्लोफेनॅक, संशयापोटी अमिकासिन, सोबतीला व्हॅन्कोमायसिन, वरून डाय घालून सीटी. बुरशीसाठी साधं अँफोटेरिसिन द्यावं लागलं तर पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज पाहावं लागतं. रक्त पातळ करणारं एनॉक्सापॅरिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून क्लिअरन्स (मूत्रपिंडं मिनिटाला किती मिलि रक्त स्वच्छ करतात तो आकडा) ३० च्या खाली गेला की उपचाराचा डोस किलोमागे १ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा नव्हे, एकदाच. किंवा सरळ साध्या हेपॅरिनवर जावं. सकाळी क्रिएटिनिन तिप्पट झालेलं असतं आणि संध्याकाळी जुन्याच डोसची सुई टोचली जाते, कारण औषधाचा तक्ता आणि रिपोर्ट एकाच माणसाच्या डोळ्यांखालून जात नाहीत. रेमडेसिव्हिर हे विषाणूविरोधी औषध क्लिअरन्स ३० च्या खाली असताना देऊ नये, हे वाक्य मात्र अनेक नियमावल्यांत अजून छापलेलं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२३ मध्ये ते बंधन काढलं; डायलिसिसवरच्या रुग्णालाही डोस न बदलता ते देता येतं.

डायलिसिस केव्हा सुरू करायचं, यावरून होणारी ओढाताण आम्हाला मान्य नाही. लवकर लावल्याने जीव वाचत नाहीत, हे २०२० च्या मोठ्या चाचणीत स्पष्ट झालं. औषधांना न जुमानणारं पोटॅशियम, तीव्र आम्लता, न निघणारं पाणी, युरेमियाची (रक्तात साठलेल्या टाकाऊ द्रव्यांची) लक्षणं ही कारणं असतील तर लगेच. नुसता युरिया चढलाय म्हणून नको. डेक्सामेथासोन चालू असताना युरिया तसाही चढतो.

लावल्यानंतरचं दुखणं वेगळंच. कोविडमध्ये सलग चालणाऱ्या डायलिसिसचा फिल्टर तीन दिवसांऐवजी काही तासांत गोठतो आणि प्रत्येक वेळी सर्किटमधलं दीडशे-दोनशे मिलि रक्त वाया जातं. तुमची पहिली प्रतिक्रिया हेपॅरिन वाढवण्याची असते. त्याआधी हे गणित करा. ८० किलोचा रुग्ण, डोस किलोमागे तासाला २५ मिलि, म्हणजे तासाला २ लिटर गाळायचे. रक्तप्रवाह मिनिटाला १५० मिलि ठेवला तर तासाला ९ लिटर रक्त फिल्टरमधून जातं. हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा हिस्सा) ३० टक्के असेल तर त्यात प्लाझ्मा ६.३ लिटर. गाळून काढलेल्या पाण्याऐवजी द्यायचं सगळं बदली द्रावण फिल्टरनंतर देत असाल, तर प्लाझ्मातलं ३२ टक्के पाणी फिल्टरमध्ये काढून घेतलं जातं. मागे उरतो तो दाट रस्सा. तो गोठणारच. मर्यादा २० ते २५ टक्क्यांची आहे. रक्तप्रवाह २०० वर नेला आणि निम्मं द्रावण फिल्टरआधी दिलं की हेच प्रमाण २१ टक्क्यांवर येतं, हेपॅरिनचा एक थेंबही न वाढवता. क्लिअरन्स किंचित घटतो, पण बंद पडलेल्या फिल्टरचा क्लिअरन्स शून्य असतो.

कॅथेटरही पाहा. उजव्या मानेतून १५ सेंटिमीटर, जांघेतून २५. जांघेत आखूड कॅथेटर घातलं तर प्रवाह मिळत नाही, आणि रुग्ण पालथा करणार असाल तर मानेतलंच बरं. रक्तस्रावाचा धोका असेल आणि यकृत बरं असेल तर फिल्टरमधलं कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारं सिट्रेट वापरा: फिल्टरनंतरचं आयनीभूत कॅल्शियम ०.२५ ते ०.३५ मिलिमोल, अंगातलं १.० ते १.२. एकूण आणि आयनीभूत कॅल्शियमचं गुणोत्तर २.५ च्या वर गेलं तर सिट्रेट साठतंय, ते कमी करा किंवा थांबवा. फिल्टर किती तास चालला याची नोंद बहुतेक ठिकाणी कुणीच ठेवत नाही. त्यामुळे २५ चा डोस लिहिलेल्या रुग्णाला प्रत्यक्षात १४ मिळाला की १८, हे कधीच कळत नाही.

शेवटची तक्रार डिस्चार्ज कार्डाची, आणि आमचा राग सगळ्यात जास्त इथे आहे. कार्डावर ऑक्सिजनची पातळी असते, सीटीचा स्कोअर असतो, स्टेरॉइड कसं कमी करायचं ते असतं. मूत्रपिंडांना इजा झाली होती, हे नसतं. रुग्णाला ते माहीत नसतं, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही नसतं, म्हणून गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या बिनधास्त चालू होतात. रक्तदाबाची एसीई-रोधक किंवा एआरबी गटातली गोळी इजेच्या काळात थांबवलेली असते, ती पुन्हा कुणी सुरूच करत नाही. (कोविड झाला म्हणून या गोळ्या थांबवायची गरज नव्हतीच; रक्तदाब पडला किंवा क्रिएटिनिन चढलं तरच तात्पुरतं थांबवायचं होतं.) तीव्र इजेनंतर तीन महिन्यांनी मूत्रपिंडं सावरली का, हे पाहावं अशी शिफारस २०१२ पासून आहे, ती कोविडच्याही आधीची. त्या भेटीत लागतं काय? क्रिएटिनिन, लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर, रक्तदाब. बस्स.

आमच्या मागण्या:

१. श्वासनलिकेत नळी घालण्याचा निर्णय होताच तासागणिक लघवीची नोंद सुरू व्हावी आणि मोजकप्प्याच्या पिशव्या अतिदक्षता विभागाच्या कायम साठ्यात असाव्यात. सलग सहा तास मर्यादेखाली गेल्यास कुणाला फोन करायचा, त्या पदाचं नाव तक्त्यावरच छापावं.

२. प्रयोगशाळेने क्रिएटिनिन 'नॉर्मल' चौकटीशी न ताडता रुग्णाच्या आधीच्या आकड्याशी ताडावं. ०.३ ची वाढ दिसताच रिपोर्टवर सूचना यावी आणि औषधनिर्मात्याने त्याच दिवशी सगळे डोस तपासावेत.

३. दाखल होताना लघवीची पट्टी-तपासणी आणि सूक्ष्मदर्शक तपासणी अनिवार्य करावी, नमुना दोन तासांच्या आत पोहोचावा.

४. प्रत्येक फिल्टरचं आयुष्य आणि प्रत्यक्ष मिळालेला डोस नोंदवावा, आणि महिन्यातून एकदा ती वही आमच्यासोबत बसून पाहावी.

५. डिस्चार्ज कार्डावर चार ओळी सक्तीच्या कराव्यात: इजा कितव्या पायरीपर्यंत गेली, जाताना क्रिएटिनिन किती, कुठली औषधं टाळायची व कुठली पुन्हा कधी सुरू करायची, आणि तीन महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख. डायलिसिस लागलेल्या रुग्णाला तीन महिने थांबवू नये. त्याची पहिली तपासणी आठवड्याभरात व्हावी.

पाचवी मागणी उद्यापासून अमलात येऊ शकते, तिला ना खरेदी लागते ना मंजुरी. बाकीच्यांपैकी कुठली मान्य आहे, कुठली नाही, आणि नसेल तर कोणत्या कारणाने, हे आम्हाला लेखी कळवावं. पैशांची अडचण असेल तर तसं लिहावं. आम्ही प्राधान्यक्रम लावून देऊ, आणि त्यात डायलिसिसच्या नव्या यंत्राच्या आधी मोजकप्प्याची पिशवी असेल.

आपले,
मूत्रपिंडविकार विभाग आणि डायलिसिस कक्षांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ